संवर्धनाच्या अभ्यासक्रमात जंगल कुठे आहे?

पत्र

बाई, मी विद्यापीठात नैसर्गिक संसाधने आणि संवर्धन या विषयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. झाडांची आणि प्राण्यांची लहानपणापासून ओढ, म्हणून दुसरीकडे चांगला प्रवेश मिळत असतानाही हट्टाने हा विषय घेतला. पण गेल्या वर्षभरात आम्ही जेमतेम अकरा दिवस बाहेर होतो. बाकीचा काळ संख्याशास्त्र, मृदाशास्त्र, संगणकावरचे नकाशे, कायदे आणि अर्थशास्त्र यांतच गेला. क्षेत्रशिबिरात झाडे मोजताना मी फितीची चुकीची बाजू वाचली आणि आमच्या गटाला अर्धा भूखंड पुन्हा मोजावा लागला (चूक रात्री हिशेब करताना माझ्याच लक्षात आली आणि मी सरांना सांगितले). वर्गातली काही मुले नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखतात, मला दहाही येत नाहीत. प्रत्येक तास कुठल्या ना कुठल्या प्रजातीच्या नाशावर संपतो आणि अलीकडे त्यापायी झोप लागत नाही. घरी सगळे विचारतात, हे शिकून पुढे करणार काय? मी विषय बदलावा का?

— एक विद्यार्थिनी

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही कंसात टाकली आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

ज्यांनी ती फीत कधी हाताळलेली नाही अशा वाचकांसाठी आधी थोडे सांगायला हवे. वृक्षमोजणीच्या फितीला दोन बाजू असतात. एका बाजूवर नेहमीचे सेंटीमीटर असतात आणि दुसऱ्या बाजूवर तेच अंतर ३.१४ ने भागून छापलेले असते, म्हणजे छातीच्या उंचीवर खोडाभोवती फीत गुंडाळली की घेराऐवजी थेट व्यास वाचता येतो. तुमच्या हातात ती उलटी आली आणि व्यासाच्या रकान्यात घेर लिहिला गेला. आता खोडाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ही चूक तिपटीवर थांबत नाही, ती जवळजवळ दहापट होते. सगळ्याच झाडांना उलटी बाजू लावली असती तर प्रत्येक आकडा भागून घेता आला असता आणि कोणालाही पुन्हा चालावे लागले नसते. पण कितव्या झाडापासून फीत फिरली हे ठाऊक नसल्यामुळे मोजणी पुन्हा करण्यावाचून इलाज नव्हता. ही चूक मी विद्यार्थिदशेत केली आहे, पुढे मी शिकवू लागल्यावर माझ्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी केली आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही आणखी वाईट वाटून घेण्यात काहीच अर्थ नाही.

पण ती तुमच्या लक्षात कशी आली, याचा तुम्ही विचार केला आहे का? दिवसभर ज्या झाडांमध्ये तुम्ही उभ्या होतात ती झाडे रात्री आकडे मांडतानाही तुमच्या डोळ्यांसमोर होती, म्हणूनच “एवढ्याशा जागेत एवढे लाकूड असेलच कसे?” अशी शंका तुम्हाला आली. नुसते आकडे पाहणाऱ्याला ती शंका येत नाही. आणि शंका आल्यावर गप्प बसण्याची सोय असताना तुम्ही जाऊन सांगितलेत, ज्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळ्या गटाचे पाय दुखले. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत असे वागणारे विद्यार्थी मी मोजकेच पाहिले. तुमचे जंगल त्या रात्री रकान्यांमध्ये होते, आणि तुम्हाला ते दिसलेही होते.

या विषयात इतकी मोजमापे का, ही तुमची तक्रार जुनी आहे, आणि तिचे उत्तर विषयाच्या जन्मातच सापडते. जंगलातून दरवर्षी जेवढे पुन्हा वाढते तेवढेच तोडावे, हा विचार युरोपात ज्याने ग्रंथरूपाने मांडला तो हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ हा वननिरीक्षक किंवा निसर्गप्रेमी म्हणून नव्हे, तर सॅक्सनीतील खाणींचा वरिष्ठ अधिकारी म्हणून लिहीत होता. धातू वितळवण्याच्या भट्ट्यांना आणि खाणींच्या आधाराला लाकूड लागे, आसपासची जंगले संपत चालली होती, आणि १७१३ साली त्याने लिहिले ते या चिंतेपोटी. म्हणजे आज ज्याला आपण शाश्वतता म्हणतो ती मुळात एका काळजीत पडलेल्या हिशेबनीसाची कल्पना आहे. (मला स्वतःला हे कळले तेव्हा थोडा अपेक्षाभंगच झाला होता.) तुमच्या पदवीच्या नावात ‘संसाधने’ आणि ‘संवर्धन’ हे दोन शब्द शेजारी नांदतात, पण त्यांचे भांडण कधीच मिटलेले नाही. अमेरिकेत योसेमिटीमधल्या हेच हेची दरीत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाण्यासाठी धरण बांधावे की नाही यावरून गिफर्ड पिंशो आणि जॉन म्यूर हे जंगलांचे दोन मोठे कैवारी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. पिंशो यांच्या मते निसर्ग अधिकाधिक लोकांच्या उपयोगासाठी सांभाळायचा होता, तर म्यूर यांना ती दरी एखाद्या देवालयासारखी वाटत होती. १९१३ साली धरणाला मंजुरी मिळाली आणि दरी पाण्याखाली गेली. तुमच्या पत्रावरून तुम्ही मनाने म्यूर यांच्या बाजूच्या दिसता आणि अभ्यासक्रम बहुतांशी पिंशो यांच्या बाजूचा आहे, त्यामुळे तुमची होणारी ओढाताण ही काही तुमच्यातली उणीव नव्हे.

संख्याशास्त्राचा तुम्हाला आलेला कंटाळा मात्र मला मान्य नाही, किंवा असे म्हणू की तो विषय तुमच्यापर्यंत ज्या रूपात पोहोचला त्याचा तो कंटाळा आहे. एक साधे उदाहरण घ्या. एका तळ्यातले ४० मासे पकडून, खूण करून पुन्हा सोडले. काही दिवसांनी ५० मासे पकडले, त्यांत खुणेचे १० निघाले. पकडलेल्यांत खुणेच्या माशांचे प्रमाण एक पंचमांश, म्हणून तळ्यात साधारण २०० मासे असावेत. हा भागाकार शाळकरी मुलालाही येईल. खरी गंमत त्यामागच्या गृहीतकांत आहे: खूण गळून पडलेली नसावी, मधल्या काळात कोणी तळ्यात आले-गेले नसावे, एकदा जाळ्यात सापडलेला मासा दुसऱ्यांदा जाळ्याला बुजत नसावा. यांतले प्रत्येक गृहीतक म्हणजे माशाच्या स्वभावाविषयीचा एक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सूत्रात सापडत नाही, तळ्याकाठी बसूनच मिळते. पुढच्या तासाला समोर येणाऱ्या प्रत्येक सूत्राला “हे खरे ठरायचे तर प्राण्याने कसे वागायला हवे?” असे विचारून पाहा.

आकड्यांकडे डोळसपणे न पाहिल्यास काय होते, याचे उदाहरण बहुधा तुम्हाला शिकवून झाले असेल, पण ते पुन्हा सांगण्यासारखे आहे. १९९२ साली कॅनडाच्या सरकारने न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळील कॉड माशांची मासेमारी बंद केली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. माशांचा साठा किती उरला आहे याचा अंदाज त्याआधी अनेक वर्षे चढा लागत होता, आणि त्याचे एक कारण असे, की मोठ्या जहाजांना एका फेरीत मिळणारे मासे कमी होत नव्हते. ते कमी होणार कसे? उरलेले मासे दाटीवाटीने एकत्र येत आणि अधिकाधिक चांगली उपकरणे असलेली जहाजे नेमकी तिथेच जात. किनाऱ्याजवळ लहान होड्यांतून मासे धरणारे लोक मात्र घट झाल्याची तक्रार १९८० च्या दशकातच करत होते. संख्याशास्त्र, सागरी जीवशास्त्र, अर्थकारण आणि माणसांचे म्हणणे ऐकून घेण्याची रीत हे चार वेगवेगळे तास तुम्हाला तुटक वाटतात. कॉडच्या बाबतीत त्यांतला एक जरी नीट जागा असता तरी कदाचित वेगळे घडले असते.

हाच धागा पकडून धोरण आणि समाजशास्त्राच्या तासांविषयी थोडे. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी असे मांडले, की सामाईक कुरणावर प्रत्येक जण आपले एकेक जनावर वाढवत जाणार आणि कुरण उद्ध्वस्त होणारच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ‘होणारच’ हा शब्द तपासायचे ठरवले आणि निरनिराळ्या देशांतल्या सामाईक कुरणांचे, पाटांचे, मासेमारीचे लोकांनी स्वतः बनवलेले नियम अभ्यासले. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत स्वित्झर्लंडमधले ट्योर्बेल हे गाव आहे. तिथला १५१७ सालचा नियम सांगतो, की हिवाळ्यात ज्याला जितक्या गायी स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील तितक्याच त्याने उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामाईक कुरणात सोडाव्यात. हा नियम पाळला जातो की नाही हे कोणालाही गोठ्यात डोकावून पाहता येते, यातच त्याचे सगळे चातुर्य आहे. ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मुलाखती घेण्याचा, गावातल्या बैठकीत तासन्‌तास बसण्याचा जो भाग विद्यार्थ्यांना ‘खरे क्षेत्रकार्य’ वाटत नाही, त्यातूनच ही समज आली. माझ्या पाहण्यात जे संवर्धन प्रकल्प फसले, त्यांतल्या बहुतेकांत प्राण्यांची माहिती पुरेशी होती, शेजारी राहणाऱ्या माणसांची नव्हती.

आता झोपेविषयी. वाईट वाटणे आणि झोप न लागणे या दोन गोष्टी मी वेगळ्या धरते. विषयाचे दुःख होणे स्वाभाविक आहे, त्यावर औषध नाही आणि ते शोधूही नये. पण झोप दोन-तीन आठवडे सलग उडाली असेल, तर विद्यापीठातल्या समुपदेशकांकडे जा आणि तिथे प्रजातींविषयी नव्हे, झोपेविषयी बोला. तेवढे केल्यानंतर पुढचे वाचा.

न्यूझीलंडच्या पूर्वेला असलेल्या चॅथम बेटांवर ब्लॅक रॉबिन नावाचा एक लहानसा काळा पक्षी आहे. १९८० साली जगभरात मिळून त्याचे ५ पक्षी उरले होते आणि त्यांत यशस्वीपणे वीण होणारी मादी एकच होती. डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची अंडी उचलून दुसऱ्या जातीच्या लहान पक्ष्यांच्या घरट्यांत ठेवली, म्हणजे ती पुन्हा अंडी घालील. आज या पक्ष्यांची संख्या दोनशेच्या वर आहे आणि ते सगळे तिचेच वंशज आहेत. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. मला तिच्यानंतरचा भाग अधिक मोलाचा वाटतो. काही माद्या अंडे घरट्याच्या मध्यात न घालता काठावर घालत, आणि तसे अंडे उबत नाही. एकेक अंडे लाखमोलाचे असल्यामुळे कार्यकर्ते ते हलकेच आत सरकवत. साहजिकच काठावर अंडी घालणाऱ्या माद्यांची पिल्लेही जगू लागली, ही सवय आनुवंशिक असल्यामुळे पसरत गेली, आणि १९८९ पर्यंत निम्म्याहून अधिक माद्या काठावर अंडी घालू लागल्या. मग कार्यकर्त्यांनी हात आवरला, आणि पुढच्या वर्षांत ती सवय ओसरली. हे कळले कशामुळे? कोणीतरी वर्षानुवर्षे कोणत्या घरट्यात अंडे कुठे होते याची रटाळ नोंद ठेवली होती म्हणून.

तुमचे शिक्षक प्रत्येक तास नाशावर संपवतात, हा त्यांचा दोष मी पदराखाली घेणार नाही. उतरणीचा आलेख फळ्यावर काढायला सोपा असतो, आणि विद्यार्थ्यांना गंभीर करण्याचा मोह आम्हा शिक्षकांना आवरत नाही. अशा तासाच्या शेवटी हात वर करून, “त्यानंतर कोणी काय केले आणि त्याचा काय परिणाम झाला?” एवढेच विचारा. कधी उत्तर ब्लॅक रॉबिनसारखे असेल, कधी काहीच झाले नाही असे असेल, आणि कधी शिक्षकांना ठाऊक नसेल. तिन्ही उत्तरे ऐकण्याजोगी असतात. मात्र कोणी तुम्हाला केवळ यशकथांची माळ ऐकवली तर तिच्यावरही तेवढाच अविश्वास ठेवा.

पक्ष्यांच्या आवाजांचे एवढे मनाला लावून घेऊ नका. ज्यांना ते येतात त्यांच्या घरात बहुधा दुर्बीण होती आणि पहाटे उठून सोबत नेणारे कोणी मोठे माणूस होते. ती दहा वर्षांची आघाडी दोन सत्रांत भरून निघत नाही आणि भरून काढण्याची गरजही नाही. माझा सल्ला असा, की पक्षी सोडा आणि गवते घ्या. गवते सगळीकडे असतात, पळून जात नाहीत, आणि ती ओळखणारी माणसे दुर्मीळ असल्यामुळे त्यांना सगळे शोधत येतात. पान जिथे खोडाला मिठी मारते तिथे एक पातळ पापुद्रा किंवा केसांची ओळ असते. ती भिंगाखाली पाहण्याची सवय लागली की एरवी हिरवा गालिचा वाटणाऱ्या जमिनीतून एकेक जात वेगळी होऊन पुढे येऊ लागते. एका हंगामात पंधरा गवते पक्की करा. पुढच्या शिबिरात पक्षी ओळखणारी मुलेच ओंजळीत पाने घेऊन तुमच्याकडे येतील.

शिबिरांच्या बाबतीत तुम्ही न लिहिलेली एक गोष्टही सांगते, कारण मुली ती सहसा लिहीत नाहीत. स्वच्छतागृह कुठे आहे, पाळीच्या दिवसांत काय सोय आहे, कोणी गैरवर्तन केले तर तक्रार नेमकी कोणाकडे करायची, हे निघण्यापूर्वी विचारणे तुमचा हक्क आहे. आमच्या वेळी आम्ही विचारले नाही, दिवस दिवस पाणी न पिता चाललो आणि त्यालाच काटकपणा समजलो. तो मूर्खपणा होता.

घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. पाणलोट आणि मृदा यांची कामे, वने, मत्स्यव्यवसाय, वणवा व्यवस्थापन, प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांची तपासणी, नकाशे आणि उपग्रह चित्रांचे विश्लेषण, स्वयंसेवी संस्था, अध्यापन, असा हा पट्टा बराच रुंद आहे. पण सुरुवातीच्या कामांपैकी पुष्कळशी हंगामी आणि कंत्राटी असतात, हे त्यांच्यापासून लपवू नका. अनुभवाच्या नावाखाली बिनपगारी राबवून घेण्याची वाईट पद्धतही या क्षेत्रात आहे; निदान राहण्याजेवण्याची आणि प्रवासाची सोय जो करत नाही त्याला नम्रपणे नकार द्या. तुम्हाला ज्याचा कंटाळा येतो ते संगणकावरचे नकाशे आणि संख्याशास्त्रच बहुतेकांना पहिली नोकरी मिळवून देते, ही गोष्ट मला काहीशी नाखुशीनेच सांगावी लागत आहे.

राहिला विषय बदलण्याचा प्रश्न. तो आत्ता ठरवू नका, कारण ठरवण्यासाठी लागणारा अनुभव तुमच्याकडे अजून नाही. अकरा दिवसांचे शिबिर ही सहल असते. त्यात मोजणी असली तरी तिच्या निकालाशी कोणाचे काही अडलेले नसते. येत्या सुट्टीत एखाद्या पदव्युत्तर किंवा पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या क्षेत्रकार्यात सहा आठवडे मदतनीस म्हणून जा. पहिल्या आठवड्यात सगळेच छान वाटते आणि दुसऱ्यात सगळेच नकोसे होते, त्यामुळे त्या दोन्हींवरून काही ताडू नका. तिसऱ्या आठवड्यातला एखादा असा दिवस पाहा, की ठरलेल्या रेषेवरून तुम्ही चार तास चाललात आणि नोंदवण्यासारखे काहीही दिसले नाही. त्या संध्याकाळी “आज काहीच का दिसले नसेल?” हा प्रश्न तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल, तर विषय सोडू नका, मग गुण कसेही असोत. उलट, दिवस फुकट गेला एवढेच वाटले आणि पुढच्या दिवशीही तसेच वाटत राहिले, तर तुम्हाला जंगलात असण्याची ओढ आहे, जंगलाविषयीच्या प्रश्नांची नाही, असे समजा. त्या ओढीत कमीपणा काहीच नाही. वाटाड्या, चित्रकार, रोपवाटिका चालवणारी किंवा आठवडाभर दुसरे काम करून सुट्टीला डोंगर गाठणारी व्यक्ती झाडांपासून आमच्याहून दूर असते असे मला कधी वाटलेले नाही. उलट माझे काही सहकारी वर्षानुवर्षे पडद्यापलीकडचे जंगल न पाहता जंगलावर लिहीत आले आहेत.

त्या रिकाम्या दिवसाची नोंद करताना रकाना कोरा ठेवू नका, त्यात शून्य लिहा. कोऱ्या रकान्याचा अर्थ आपण पाहिलेच नाही असा होतो. नोंदी पेन्सिलीने करा, कारण पावसात शाई पसरते. आणि निघण्यापूर्वी फितीच्या सेंटीमीटरच्या बाजूवर टोकाशी लाल चिकटपट्टीचा एक तुकडा लावून घ्या. मी अजूनही लावते.